नवी पिकअप, पण इंजिनचा त्रास संपेना? हप्ता भरणाऱ्याने काय करायचं

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथे सविस्तर लिहितोय.

दिंडोरी भागातल्या एका दादाने जून महिन्यात नवी डिझेल पिकअप घेतली. हिशोब सरळ होता. ऑगस्टपासून टोमॅटोचा सीझन, शेतावरून पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला रोज दोन फेऱ्या. पंधरा दिवसांत मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी ओढेना. सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी लॅपटॉप लावला, दिवा घालवला, "झालं साहेब" म्हणाले. आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर. असं चार वेळा झालं. शेवटी दादाने कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा उत्तर आलं की तुमच्या गाडीची इंजिनची तक्रार आमच्याकडे एकदाच नोंदली आहे. कारण दोन वेळा जॉब कार्डच बनलं नव्हतं आणि एकावर "जनरल चेकअप" एवढंच लिहिलं होतं.

गाडीत दोष होता की नाही हा पुढचा प्रश्न. पण दादाच्या हातात कागद नव्हता, आणि तिथेच तो अडकला. म्हणून आज तीन गोष्टी बघू: नुकसान कसं मोजायचं, त्रास नेमका कुठला आहे ते कसं ओळखायचं, आणि कंपनीकडून काम कसं करून घ्यायचं.

आधी नुकसान नीट मोजा

उदाहरण घेऊ. ९ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, ५ वर्षं मुदत. हप्ता येतो साधारण १९,५७० रुपये. आता रोजचं भाडं ३,५०० धरा, डिझेल आणि टोलचा खर्च १,५०० धरा. म्हणजे गाडी फिरली की रोज २,००० रुपये हातात उरतात, आणि त्यातूनच हप्ता, विमा, टायर आणि घर चालतं.

महिन्यात ९ दिवस गाडी सर्व्हिस सेंटरला उभी राहिली, तर ९ गुणिले २,००० म्हणजे १८,००० रुपये गेले. जवळजवळ अख्खा हप्ता! बरेच जण यात हप्ताही वेगळा मिळवतात. तो मिळवू नका. हप्ता गाडी फिरली तरी भरायचाच असतो. तुमचं खरं नुकसान म्हणजे बुडालेलं भाडं वजा वाचलेलं डिझेल. हाच आकडा पुढे तक्रारीत लिहायचा आहे. फुगवलेला आकडा कुणी मानत नाही.

आणि एक गोष्ट, रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. फायनान्स कंपनीने पैसे दिलेत, इंजिन बनवलेलं नाही. हप्ता चुकला की सिबिल खराब होतं, दंड लागतो, आणि गाडी ओढून नेली तर भांडायला गाडीही उरत नाही.

त्रास इंजिनचा आहे की वापराचा?

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाले. १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला. त्यामुळे आजची डिझेल पिकअप ही दहा वर्षांपूर्वीची पिकअप नाही. सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. धुरातली काजळी तो अडवतो. काजळी साठली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. त्याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी फिल्टरमध्ये साधारण ६०० अंश सेल्सिअसची उष्णता लागते.

आता गंमत बघा. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारते, मार्केटच्या लाइनमध्ये तासभर इंजिन चालू ठेवून उभी राहते, मध्येच चावी बंद होते. अशाने उष्णता तयारच होत नाही, रीजनरेशन अर्धवट राहतं, काजळी साठते. मग दिवा लागतो आणि इंजिनला इजा होऊ नये म्हणून कॉम्प्युटर ताकद कमी करतो. आपण म्हणतो, "गाडी ओढत नाही." वारंवार रीजनरेशन अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणून खूश होऊ नका, ते धोक्याचं लक्षण आहे.

म्हणून मॅन्युअलमध्ये डीपीएफचं पान शोधा. दिवा लागल्यावर किती वेगाने, किती वेळ गाडी चालवायची ते तिथे दिलेलं असतं. रोज छोट्या फेऱ्या असतील तर अधूनमधून हायवेवर सलग फेरी मारायची सवय लावा.

वापराशी जोडलेली आणखी काही कारणं:

- डिझेलमध्ये पाणी किंवा भेसळ. यामुळे इंजेक्टर खराब होतात आणि कंपनी वॉरंटी नाकारू शकते. एकाच चांगल्या पंपावर भरा आणि बिलं जपून ठेवा. पंपावर डेन्सिटी तपासून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.
- काही मॉडेलना डीईएफ लागतं. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी शुद्ध पाणी. शेतातला युरिया बादलीत ढवळून टाकायचा उद्योग करू नका, सगळी सिस्टीम बसते.
- ओव्हरलोड. टोमॅटोचा भरलेला क्रेट २२ किलोचा धरला, तर १,५०० किलो क्षमतेच्या गाडीत ६८ क्रेट बसतात. १०० क्रेट भरले की २,२०० किलो झाले. त्या वजनावर चढ चढवून इंजिन तापलं तर दोष कुणाला देणार?

आणि ही लक्षणं मात्र हलक्यात घेऊ नका

- कुठेही गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होतंय.
- ऑइल दुधाळ दिसतंय, किंवा दोन सर्व्हिसच्या मध्ये पुन्हा पुन्हा ऑइल भरावं लागतंय.
- सायलेन्सरमधून सतत निळा किंवा पांढरा धूर येतोय.
- इंजिनमधून धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येतोय.
- पार्ट बदलला, तरी तोच फॉल्ट कोड परत येतोय.

टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर "मार्केट गाठू आणि बघू" असं करू नका. तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा. तशीच पुढे दामटलेल्या गाडीचं इंजिन बसलं, तर ती तुमची चूक धरली जाते.

जॉब कार्ड म्हणजे तुमचा सातबारा

जमिनीला जसा सातबारा, तसं वॉरंटीतल्या गाडीला जॉब कार्ड. हे नियम पाठच करा:

१. जॉब कार्ड बनल्याशिवाय गाडीची चावी द्यायची नाही. "पाच मिनिटांचं काम आहे दादा" म्हटलं तरी नाही.

२. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्यायची. "जनरल चेकअप" नको. "चढाला ताकद जाते, इंजिनचा दिवा लागतो, याआधी अमुक तारखेला हीच तक्रार होती" असं पाहिजे.

३. स्कॅनरवर आलेला फॉल्ट कोड लिहून मागायचा, किंवा स्क्रीनचा फोटो घ्यायचा. उदाहरणार्थ, पी२४६३ हा कोड डीपीएफमध्ये काजळी साठल्याचा असतो. नुसता कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नाही. ताप मोजून थर्मामीटर झटकण्यासारखं आहे ते.

४. गाडी दिली कधी, मिळाली कधी, किलोमीटर किती, कोणता पार्ट बदलला, हे सगळं कागदावर हवं.

५. दिवा लागला की मोबाइलवर व्हिडिओ काढा. मीटर, किलोमीटर आणि आवाज त्यात आला पाहिजे.

वॉरंटी संपायच्या आधी नोंदलेला त्रास वॉरंटी संपल्यावरही तुमच्या बाजूने बोलतो. तोंडी सांगितलेला त्रास मात्र कुणालाच आठवत नाही.

स्वतःच्या हाताने वॉरंटी घालवू नका

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणेल, "डीपीएफ काढून टाकू, पायपाचं मॅपिंग करून देतो, कटकट संपली." अजिबात नको. वॉरंटी जाते, गाडी प्रदूषणाच्या नियमात बसत नाही, आणि पुढे तक्रार केली की समोरचा पहिला बोट तिथेच ठेवतो. तसंच वायर कापून लावलेले जादा हॉर्न-लाइट, चुकलेली सर्व्हिस, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडपेक्षा वेगळं ऑइल, या सगळ्यामुळे तुमची बाजू कमजोर होते.

तक्रार पायरीपायरीने वर न्या

तोच त्रास तिसऱ्यांदा आला की सर्व्हिस ॲडव्हायझरशी वाद घालत बसू नका, त्याच्या हातात फारसं काही नसतं. आधी वर्क्स मॅनेजरला लेखी द्या. आठवड्यात हालचाल नाही झाली तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, डीलरला कॉपी ठेवा. मजकूर असा:

"माझी गाडी, चासी क्रमांक अमुक, अमुक तारखेला घेतली. इंजिनची एकच तक्रार पुढील तारखांना नोंदली आहे (तारखा, किलोमीटर, जॉब कार्ड क्रमांक). गाडी एकूण इतके दिवस सेंटरला उभी होती. माझं इतक्या रुपयांचं नुकसान झालं आहे. कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्याने गाडी माझ्यासमोर तपासावी, कारण लेखी द्यावं आणि १५ दिवसांत कायमची दुरुस्ती करावी."

शिवीगाळ नाही, धमकी नाही. फक्त तारखा आणि आकडे. दिंडोरीच्या दादाने शेवटी हेच केलं. कंपनीचा माणूस आला, गाडी लोड करून चालवून बघितली. डीपीएफच्या प्रेशर सेन्सरची वायर घासून तुटत आलेली निघाली. वॉरंटीत फुकट बदलली. काम एका दिवसाचं! पण तोपर्यंत सीझनचा दीड महिना गेला होता आणि एका व्यापाऱ्याने दुसरी गाडी लावून घेतली होती.

तरीही ऐकलं नाही तर?

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. इथे तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. ५ ते १० लाखांसाठी फी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची असते.

इथे आपल्यासारख्या धंदेवाल्यांसाठी एक महत्त्वाची अट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा "ग्राहक" धरला जात नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे की स्वतः गाडी चालवून पोट भरणारा ग्राहक असतो, पण फक्त दुसऱ्याच्या हातून चालवून घेण्यासाठी गाडी घेणारा त्यात बसत नाही. त्यामुळे तक्रारीत "ही गाडी मी स्वतः चालवतो, हेच माझं उपजीविकेचं साधन आहे" हे लिहा आणि लायसन्स जोडा. चार गाड्या ड्रायव्हर ठेवून चालवत असाल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या.

अपेक्षाही खरी ठेवा. अमेरिकेत सतत बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठी वेगळे "लेमन लॉ" आहेत, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. २००६ मध्ये एका नव्या गाडीच्या क्लचच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटींप्रमाणे सदोष पार्ट बदलून द्यायला सांगितलं, अख्खी गाडी नाही. गाडी बदलून हवी असेल तर मूळ बनावटीतलाच दोष तज्ज्ञाच्या तपासणीने सिद्ध करावा लागतो. म्हणून पहिली मागणी कायमच्या दुरुस्तीची आणि नुकसानभरपाईची ठेवा, गाडी बदलण्याची किंवा पैसे परत करण्याची मागणी त्यानंतर.

दरम्यान धंदा थांबवू नका

गाडी बिघडते तेव्हा गिऱ्हाईक गाडी बघत नाही, माल वेळेवर पोचला का ते बघतं. आजच आपल्या भागातल्या दोन पिकअपवाल्यांशी बोलून ठेवा. "माझी बंद पडली तर तू माल उचल, तुझी बंद पडली तर मी." त्या दिवशी भाड्यात काही सुटलं नाही तरी चालेल, व्यापारी सुटता कामा नये. आणि गाडी घेतानाच तीन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवा. डाउन पेमेंटला सगळी पुंजी ओतून रिकाम्या खिशाने धंदा सुरू करू नका.

ज्यांनी अजून गाडी घेतलेली नाही, त्यांनी शोरूमला जाण्याआधी स्वतःला विचारा: माझी फेरी किती किलोमीटरची आहे, रोज किती वजन आहे, आणि सर्व्हिस सेंटर किती लांब आहे? फेऱ्या सगळ्या पाच किलोमीटरच्या असतील तर डिझेलच हवी का, सीएनजी किंवा इलेक्ट्रिक चालेल का, हा हिशोब वहीवर मांडा.

आणि ज्यांची गाडी आत्ता सेंटरला उभी आहे, त्यांनी आज रात्री एकच काम करा. एक फाइल घ्या, सगळी जॉब कार्डं तारखेप्रमाणे लावा, कमी असलेल्यांची यादी करा आणि उद्या सकाळी सेंटरला जाऊन त्यांच्या प्रती मागा. चला, पुढच्या व्हिडिओत भेटू. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा!