मुलांचे कुटुंब निवृत्तिवेतन ठरते आई-वडिलांच्या हयातीतच

सरकारी कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर पत्नीला किंवा पतीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. तो जोडीदारही गेल्यानंतर मुलांचे काय, हा प्रश्न मात्र अनेक घरांत वेळ येईपर्यंत विचारलाच जात नाही. वेळ येते तेव्हा घरात असते ती माहेरी परतलेली लेक किंवा स्वतःची उपजीविका करू न शकणारा दिव्यांग मुलगा. नियमांनी या दोघांचाही विचार केलेला आहे. परंतु त्यांचा हक्क अर्ज करण्याच्या दिवशी नव्हे, तर आई-वडिलांच्या हयातीत जी स्थिती होती आणि तिची जी नोंद झाली होती, तिच्यावर ठरतो. याच मुद्द्यावर पुष्कळ अर्ज अडतात.

नियम कोणते?

केंद्रीय कर्मचाऱ्यांना पूर्वी केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९७२ लागू होते. त्यांची जागा आता २०२१ च्या नियमांनी घेतली असून कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद त्यातील ५० व्या नियमात आहे. गोवा सरकारनेही आपल्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्राच्याच नियमांचा आधार घेतलेला आहे. मात्र केंद्राची एखादी दुरुस्ती राज्यात कधीपासून लागू झाली, याची खातरजमा पणजीच्या लेखा संचालनालयात करून घेणे इष्ट.

रक्कम किती?

सर्वसाधारण दराने कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असते. ते दरमहा ९,००० रुपयांपेक्षा कमी नसते आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा मिळतो. अखेरचे मूळ वेतन ४०,००० रुपये असेल, तर ही रक्कम १२,००० रुपये होते. कर्मचाऱ्याचा मृत्यू सेवेत असताना झाल्यास पहिली १० वर्षे वाढीव म्हणजे ५० टक्के दर लागू होतो. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास हा वाढीव दर ७ वर्षे किंवा मृत व्यक्तीच्या वयाची ६७ वर्षे पूर्ण झाली असती तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असतो. आई आणि वडील दोघेही सरकारी सेवेत असतील, तर अपत्याला दोघांचीही निवृत्तिवेतने मिळू शकतात. अशा दोन वेतनांच्या एकत्रित रकमेची कमाल मर्यादा केंद्राने २०२१ मध्ये वाढीव दरासाठी १,२५,००० आणि सर्वसाधारण दरासाठी ७५,००० रुपये केली.

मुलांचा क्रम

पहिला हक्क पत्नीचा किंवा पतीचा. त्यानंतर २५ वर्षांखालील अपत्यांचा, तोही जन्मक्रमाने. थोरल्याचा हक्क संपल्याशिवाय धाकट्याची पाळी येत नाही. केवळ जुळ्या भावंडांत रक्कम समान वाटली जाते. कायदेशीर दत्तक अपत्य, सावत्र अपत्य आणि वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेले अपत्य यांचाही कुटुंबात समावेश होतो. पंचविशी गाठली, विवाह झाला किंवा दरमहा ९,००० रुपये व त्यावरील महागाई भत्ता एवढी कमाई सुरू झाली, की मुलाचा हक्क संपतो.

त्यानंतर पाळी येते ती दिव्यांग अपत्याची. शारीरिक वा मानसिक दिव्यांगत्वामुळे उपजीविका करणे अशक्य असेल, तर मुलगा असो वा मुलगी, हे वेतन आजन्म मिळते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. दिव्यांगांसाठी उत्पन्नाचा निकषही २०२१ मध्ये शिथिल झाला. इतर मार्गांनी होणारे उत्पन्न मिळू शकणाऱ्या सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन व महागाई भत्त्याच्या बेरजेपेक्षा कमी असेल, तर ते अपत्य पात्र ठरते. विवाह झाला म्हणून दिव्यांग अपत्याचा हक्क जात नाही.

या सर्वांनंतर पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित मुलींचा क्रम लागतो. त्यांना वयाची अट नाही. विवाह, पुनर्विवाह किंवा ठरावीक मर्यादेपर्यंतची कमाई यांपैकी काही होईपर्यंत वेतन चालू राहते.

अडते ते कुठे?

विधवा मुलीच्या बाबतीत पतीचे निधन आई-वडिलांपैकी कोणी एक हयात असताना झालेले असावे लागते. त्या काळात ती त्यांच्यावर अवलंबून असणेही आवश्यक आहे. दोघांच्या पश्चात वैधव्य आले, तर कितीही हलाखी असली तरी हक्क निर्माण होत नाही.

घटस्फोटित मुलीसाठीही मूळ नियम हाच होता. परंतु न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळणारे दावे लक्षात घेऊन केंद्राने जुलै २०१७ मध्ये त्यात सवलत दिली. घटस्फोटाचा दावा आई किंवा वडील हयात असताना सक्षम न्यायालयात दाखल झालेला असेल, तर निकाल त्यांच्या मृत्यूनंतर लागला तरी मुलगी पात्र ठरते. येथे दावा दाखल झाल्याची तारीख निर्णायक आहे.

सर्वाधिक वंचित राहते ती नवऱ्याने टाकलेली, पण न्यायालयात न गेलेली स्त्री. दहा-पंधरा वर्षे माहेरी राहणारी, आई-वडिलांचे दुखणेखुपणे काढणारी अशी लेक गावाच्या दृष्टीने परित्यक्ता असते, नियमाच्या दृष्टीने मात्र विवाहितच. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी बंधनकारक असल्यामुळे तो विवाह दप्तरात कायम राहतो. पंचांसमोर झालेली सोडचिठ्ठी किंवा घरातल्या घरात झालेली तडजोड ती नोंद पुसू शकत नाही. लोक काय म्हणतील या भीतीने दावा टाळणाऱ्या कुटुंबांनी या टाळाटाळीची किंमत पुढे कोण मोजणार, याचा विचार करायला हवा.

महिला कर्मचाऱ्यांसाठी १ जानेवारी २०२४ च्या केंद्रीय आदेशाने आणखी एक वाट मोकळी केली. पतीविरुद्ध घटस्फोटाचा दावा किंवा कौटुंबिक हिंसाचार, हुंडा यांसंबंधीचा खटला प्रलंबित असेल, तर आपल्या पश्चात पतीआधी पात्र अपत्याला वेतन मिळावे, अशी लेखी विनंती त्या करू शकतात.

महामंडळांतील कर्मचाऱ्यांचे वेगळे

सार्वजनिक उपक्रमांतील आणि महामंडळांतील सर्वांना हे नियम लागू नसतात. त्यांतील अनेकजण कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली येतात. तेथे अपत्यांना आईच्या पश्चात नव्हे, तर तिच्या बरोबरीनेच वेतन मिळते. विधवा वेतनाच्या २५ टक्के, एका वेळी दोन अपत्यांना आणि वयाच्या पंचविशीपर्यंत. आई-वडील दोघेही नसतील, तर हे प्रमाण ७५ टक्के होते. किमान रक्कम मात्र प्रत्येक अपत्यामागे अनुक्रमे २५० आणि ७५० रुपये इतकी तुटपुंजी आहे. दिव्यांग अपत्याला याही योजनेत आजन्म वेतनाची तरतूद आहे.

आज काय करावे?

कर्मचाऱ्याने कुटुंबाचा तपशील कार्यालयात दिलेला असतो. त्यात प्रत्येक अपत्याचे नाव आहे ना, हे पाहावे. लग्न झाले म्हणून मुलीचे नाव त्यातून काढू नये. केंद्राने २०२४ मध्ये हे स्पष्टही केले आहे. नाव असणे म्हणजे पात्र असणे नव्हे, पण नाव नसले तर पुढे नाते सिद्ध करण्यापासून सुरुवात होते. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवरील नावे जुळत नसतील, तर ती आताच दुरुस्त करावीत. एकाच आडनावाची इंग्रजी अक्षरलेखने प्रत्येक कागदावर निराळी असणे गोव्यात नवे नाही.

घरात कायमस्वरूपी दिव्यांग अपत्य असेल, तर त्याचे नाव निवृत्तिवेतन आदेशात आगाऊ नोंदवून घेता येते. मतिमंद अपत्यासाठी पालकाची निवडही हयातीतच करून ठेवता येते. जोडीदाराच्या निधनानंतर अर्जासोबत दोघांचे मृत्युदाखले, निवृत्तिवेतन आदेशाची प्रत, पात्रतेचे पुरावे आणि बँक खात्याचा तपशील जोडावा लागतो.

घर, जमीन आणि दागिने कोणाला द्यायचे, याची चर्चा बहुतेक कुटुंबांत होते. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. ते नियमांनी ठरलेल्या क्रमानेच जाते. म्हणून आई-वडिलांच्या हाती उरते ते एवढेच, की ज्या अपत्याला त्याची खरी गरज पडणार आहे, त्याचे कागद आपण असतानाच पूर्ण करून ठेवणे.