परक्या मुलखातील वाचनाभ्यास

कुवेतच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या शेजारी पसरलेल्या फरवानियात ज्या मराठी माणसाची नोकरीत चार-पाच वर्षे गेली आहेत, त्याला इंग्रजीचे भय वाटेनासे झालेले असते. कचेरीत फिलिपिनो सहकारी, इजिप्शियन हिशेबनीस, मल्याळी फोरमन आणि कुवेती मुदीर (व्यवस्थापक) या साऱ्यांशी त्याचा व्यवहार इंग्रजीतूनच चालतो. मालाची मागणी, विलंबाची कैफियत, रजेचा अर्ज, ठेकेदाराला द्यायची ताकीद हे सगळे तो इंग्रजीतच लिहितो, आणि संध्याकाळी इमारतीच्या हारिसशी, म्हणजे राखणदाराशी, किंवा कोपऱ्यावरच्या बकाल्यातील, म्हणजे किराणा दुकानातील, विक्रेत्याशी हिंदी, अरबी व इंग्रजी यांची सरमिसळ करून बोलताना आपण बहुभाषिक झालो असा त्याचा सुखद समजही होतो. तिशी जवळ आली असता हाच माणूस व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेण्याचा संकल्प सोडतो, ‘कॅट’ची एखादी जुनी प्रश्नपत्रिका उघडतो, आणि मानववंशशास्त्रावरील पाचशे शब्दांच्या उताऱ्यापाशी अडून बसतो. शब्द बहुतेक ओळखीचे असतात. लेखकाला म्हणायचे आहे काय, तेवढेच उमगत नाही.

कचेरीतील इंग्रजी किती पाइप, कोणत्या तारखेस, कोणाच्या सहीने, एवढ्याच विचारपुशीत गुंतलेले असते. तेथील वाक्य म्हणजे एक तर हुकूम, नाही तर तपशील. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी न्यायबुद्धीने मांडावे, त्यातील ग्राह्यांश मान्य करावा, आणि मग हळूच त्याच्या मुळाशी असलेल्या गृहीतावर बोट ठेवावे, हा प्रकार व्यापारी पत्रव्यवहारात घडत नाही. घडू लागला तर मालाची गाडी वेळेवर सुटणारही नाही. प्रवेशपरीक्षेतील उताऱ्यात मात्र मुख्यतः हेच घडते. तेव्हा अशा उमेदवाराला कमी असते ती परक्याच्या युक्तिवादामागून शेवटच्या वाक्यापर्यंत जाण्याची सवय, आणि ती सवय शब्दसंग्रहाच्या जाड पुस्तकातून लागत नाही.

परीक्षांचे स्वरूप पाहिले तरी हेच दिसते. भारतीय व्यवस्थापन संस्थांची ‘कॅट’ ही दोन तासांची असून तिचे चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन विभाग असतात. त्यांपैकी पहिला वाचनाचा व भाषेचा. २०२४ साली त्यात २४ प्रश्न होते. पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर, आणि उरलेले विस्कटलेली वाक्ये जुळवणे, परिच्छेदाचे सार ओळखणे अशा धर्तीचे. बरोबर उत्तरास तीन गुण, आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण वजा. अमुक शब्दाचा अर्थ सांगा, असा सरळ प्रश्न आता तेथे येत नाही. महाराष्ट्र राज्याच्या एमबीए सीईटीचा शिरस्ता वेगळा आहे: दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, त्यांत भाषेचे पन्नास, आणि चुकीबद्दल दंड नाही. तेथे वेगाला महत्त्व, तर ‘कॅट’मध्ये संयमाला. अमेरिकेकडे जाणाऱ्यांच्या ‘जीआरई’ने २०११ साली विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाम्ये यांचे प्रश्न काढून टाकले; शब्दज्ञानाची पारख तेथे अजून होते, परंतु ती वाक्यातील रिकामी जागा भरायला लावून, म्हणजे संदर्भासकट. ही परीक्षा घरबसल्याही देता येते, पण त्या वेळी खोलीचे दार बंद आणि खोलीत दुसरे कोणीही नाही अशी अट असते. फरवानियातील बॅचलर खोलीत चार खाटा लावून राहणाऱ्याला शब्दार्थांपेक्षा हीच अट अवघड!

उताऱ्याशी झगडताना नेमके काय होते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. विषय कुवेतचाच घेऊ. समजा, उतारा मोत्यांच्या व्यापारावर आहे. पहिल्या परिच्छेदात लेखक सांगतो की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, पाठोपाठ जागतिक मंदी आली, मुंबईसारख्या पेठेतील मागणी ओसरली आणि कुवेतच्या पाणबुड्यांचा धंदा बसला, असे सामान्यतः मानले जाते. (मुंबईचा उल्लेख येथे शोभेचा नव्हे, आखाती मोत्यांची ती मोठी बाजारपेठ होती, आणि १९६१ साली दिनार येईपर्यंत कुवेतच्या व्यवहारात रुपयाच चालत असे.) दुसऱ्या परिच्छेदाचा प्रारंभ ‘हे खरे असले तरी’ अशा अर्थाच्या शब्दांनी होतो आणि लेखक पाणबुड्यांच्या कर्जाकडे वळतो: हंगामापूर्वी नाखुदाकडून घेतलेली उचल, तिची कधीही न फिटणारी बाकी, आणि त्या बाकीने बांधला गेलेला माणूस. तिसऱ्या परिच्छेदात तो नोंदवतो की बुरगानला तेल लागले १९३८ मध्ये आणि त्याची पहिली निर्यात झाली १९४६ मध्ये. तेव्हा धंद्याची पडझड तेलाच्या पैशामुळे झाली असे म्हणता येत नाही.

आता प्रश्न येतो: लेखकाचे मुख्य प्रतिपादन कोणते? जपानी मोत्यांनी कुवेतचा धंदा बुडवला, हा पहिला पर्याय. तो उताऱ्यात जवळजवळ शब्दशः आहे, आणि म्हणूनच सर्वाधिक उमेदवार तेथे फसतात. कारण ते मत लेखकाचे नसून लेखकाने खोडण्यासाठी पुढे मांडलेले इतरांचे आहे. तेलाने कुवेतचे कल्याण केले, हा दुसरा. तो सत्य असेलही, परंतु उताऱ्यात नाही. ज्याचा पगार तेलातून येतो त्याला मात्र तो विशेष मोह घालतो. कर्जाधिष्ठित सर्व परंपरागत धंदे अखेर कोसळतात, हा तिसरा. एका गावच्या दाखल्यावरून साऱ्या मुलखाचा निवाडा करणारा. बाहेरचा आघात झाला खरा, पण तो आतून पोखरलेल्या व्यवसायावर झाला, हा चौथा, आणि उत्तर तेच. सारा निकाल ‘हे खरे असले तरी’ या वळणावर ठरला, आणि त्या वळणात एकही कठीण शब्द नव्हता.

म्हणजे शब्दसंग्रह निरर्थक, असे मात्र नव्हे. पॉल नेशन या न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह २००० साली असे दाखवले की मदतीवाचून मजकूर नीट समजायचा तर त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाला ठाऊक हवेत. पाचशे शब्दांच्या उताऱ्यात दहा अनोळखी शब्द, ही सहनशीलतेची मर्यादा. इंग्रजी पुस्तके-वृत्तपत्रे या प्रमाणात कळण्यासाठी आठ-नऊ हजार शब्दकुले, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांपासून झालेली रूपे यांचे गट, लागतात, असा त्याचाच पुढचा हिशेब आहे. आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही, कारण त्यांतील मोठा हिस्सा नोकरी करणाऱ्या पदवीधराजवळ आधीच जमा असतो. उरलेल्यांत कोणाला अग्रक्रम द्यावा, याचे उत्तर ॲव्हरिल कॉक्सहेड या विदुषीच्या २००० सालच्या यादीत सापडते. विद्याविषयक लेखनात पुनःपुन्हा येणारी अवघी ५७० शब्दकुले तिने निवडली, आणि अशा लेखनातील दर दहा शब्दांपैकी साधारण एक त्यांतला निघतो. फोर्टच्या फुटपाथवर मिळणाऱ्या, साडेतीन हजार दुर्मिळ शब्दांनी भरलेल्या जुन्या याद्या पाठ करण्यात ज्यांनी तारुण्याची वर्षे घालवली, त्यांच्या चिकाटीला नमस्कार करून त्या याद्या बाजूला ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

मोजके, उपयोगाचे शब्द आधी शिकण्याच्या या विचाराचे एक मूळ आपल्याच उपखंडात आहे. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणारा मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणाधिकारी १९२६ च्या सुमारास असे मांडू लागला की बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्याआधी ते वाचता आले पाहिजे, कारण ज्ञानाचा दरवाजा त्याच्यासाठी वाचनानेच उघडणार आहे. मोजक्या शब्दांत लिहिलेली, नवे शब्द तोलूनमापून आणणारी वाचनमाला त्याने तयार केली, आणि पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार मूलभूत शब्दांची त्याची यादी प्रसिद्ध झाली.

अनोळखी शब्दांहून अधिक धोका ओळखीच्या शब्दांचा असतो. ‘क्वालिफाइड’ हा शब्द आखातात येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या अर्जात लिहिलेला असतो. पण एखाद्या लेखकाने एखाद्या सिद्धांताला ‘क्वालिफाइड’ पाठिंबा दिला असे उताऱ्यात आले, तर तो पाठिंबा सशर्त आहे, हे ध्यानात न आल्याने तिन्ही-चारही प्रश्न हातचे जातात. म्हणून वहीत शब्द आणि अर्थ अशा दोन रकान्यांची नोंद पुरत नाही. ज्या वाक्यात शब्द भेटला ते संपूर्ण वाक्य, ते कोठे भेटले, आणि त्या शब्दाचे आपल्या कचेरीतील एखाद्या प्रसंगावर रचलेले स्वतःचे वाक्य, असा तिपेडी दाखला प्रत्येक शब्दाचा असावा. रोज पाच-सहा शब्दांपलीकडे जाऊ नये. नोंदींची उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने, अशी वाढत्या अंतराने करावी; एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवून दिले होते की नुकतेच पाठ केलेले पहिल्या काही तासांतच सर्वाधिक वेगाने विसरले जाते.

वाचावे काय? ‘कुवेत टाइम्स’ हे १९६१ पासून निघणारे इंग्रजी दैनिक सवयीसाठी चांगले, पण बातमी घटना सांगते, वाद घालत नाही. ग्रंथपरीक्षणे, विज्ञानावरील निबंध, इतिहास आणि कला यांवरील दीर्घ लेख, म्हणजे ज्या विषयांचा आपल्या धंद्याशी सुतराम संबंध नाही अशांचे वाचन रोज अर्धा तास झाले पाहिजे, आणि अभियंत्याने तर सौंदर्यशास्त्रापासून पळ काढता कामा नये. कंपनीच्या बसमधील वेळ यासाठी उत्तम. परीक्षा संगणकाच्या पडद्यावरच असल्याने मोबाइलवर वाचण्यातही गैर काही नाही.

मराठी वाचकाजवळ आणखी एक भांडवल असते, ज्याची त्याला स्वतःलाही जाणीव नसते. इंग्रजी आणि मराठी शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याची आपली रीत १८३२ च्या ‘दर्पण’पासूनची आहे, बाळशास्त्री जांभेकरांचे ते पत्र दोन्ही भाषांत निघे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. वाचताना मनात भाषांतर करीत बसणे मात्र चाळीस मिनिटांच्या हिशेबात परवडत नाही. भाषांतराची जागा वाचनानंतर: उतारा मिटवावा आणि लेखकाचे म्हणणे खोलीतल्या सोबत्याला मराठीत दोन वाक्यांत सांगावे. सांगता आले नाही, तर उतारा कळला नाही, मग उत्तरे बरोबर आली असली तरी. एका भाषेत कमावलेले विचारपूर्वक वाचनाचे कसब दुसऱ्या भाषेत उतरते, हे जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ पासून मांडले आहे. ज्याने इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ सावकाश वाचले असेल, गृहीत कोणते आणि निष्कर्ष कोणता याकडे लक्ष देऊन वाचले असेल, त्याची निम्मी तयारी झालेली आहे. येथील मराठी मंडळींनी गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट यांच्या जोडीला महिन्यातून एखादा शुक्रवार अशा सामुदायिक वाचनाला दिला, तर तरुणांना त्याचा उपयोग होईल.

राहिला वेळापत्रकाचा भाग. ‘कॅट’चे अर्ज साधारणतः ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि परीक्षा बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. केंद्रे भारतातच असतात. कुवेतची साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारची असल्याने रविवार हा येथे कामाचा पहिला दिवस. तेव्हा रजेची मंजुरी आणि विमानाचे तिकीट यांची तजवीज अर्ज भरतानाच करावी. परीक्षा तीन सत्रांत होते, सत्र निवडण्याची मुभा उमेदवाराला नसते, आणि सकाळचे सत्र साडेआठला सुरू होते. भारतातील साडेआठ म्हणजे कुवेतचे सहा. ज्याला ते सत्र मिळण्याचा संभव गृहीत धरायचा असेल, त्याने ऑक्टोबरपासून आपल्या काही सराव-परीक्षा फरवानियात पहाटे सहाला, सोबती झोपेत असतानाच, द्यायला लागावे.