दिल्लीचे प्राध्यापक, होशंगाबादच्या शाळा

विज्ञानकेंद्राबाहेर पडून काम करणारा शास्त्रज्ञ म्हटलं की मला अनिल सद्गोपाल आठवतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली (टीआयएफआर) नोकरी सोडून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले आणि तिथे ‘किशोर भारती’ ही संस्था उभी केली. १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झालं. पाठोपाठ दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक गावच्या मास्तरांबरोबर बसायला येऊ लागले. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्को या वाहन कंपनीतून रजा काढून अभियंते अरविंद गुप्ता तिथे आले! पुढे दिल्लीत आणि मग पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या बाल विज्ञान केंद्रात त्यांनी खेळणी बनवली. त्यांचा प्रयोग घरी करा: काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडा. त्रिकोण ताठ राहतो, चौकोन मात्र लगेच कलतो.