भूमिगत मेट्रो स्थानके आणि पुण्याच्या पेठा : मंडई व कसबा पेठ स्थानकांच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :

पुणे मेट्रो प्रकल्पाचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले आणि ६ मार्च २०२२ पासून प्रत्यक्ष प्रवासी वाहतूक सुरू झाली. मात्र ज्या पेठांनी पुण्याला त्याची ओळख दिली, त्या पेठांपर्यंत मेट्रो पोहोचली ती २९ सप्टेंबर २०२४ रोजी. त्या दिवशी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भूमिगत टप्प्याचे उद्घाटन झाले आणि कसबा पेठ, मंडई व स्वारगेट ही तीन स्थानके प्रवाशांसाठी खुली झाली. या स्थानकांची चर्चा बहुधा त्यांची खोली, बांधकामाचे तंत्र आणि खर्च यांभोवती फिरते. स्थानक ज्या परिसरासाठी बांधले गेले त्या परिसराचा विचार त्या मानाने कमी होतो. प्रस्तुत लेखात मंडई व कसबा पेठ या दोन स्थानकांच्या आधारे ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) पेठांमध्ये भूमिगत मार्गाची निवड का करावी लागली, हे स्पष्ट करणे.
२) पुण्यातील भूमिगत सार्वजनिक सुविधांच्या परंपरेशी या स्थानकांचा संबंध तपासणे.
३) स्थानकाच्या उपयुक्ततेचा निकष कोणता असावा, याचा विचार करणे.

भूमिगत मार्गाची आवश्यकता :

पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा मार्ग बहुतांशी उन्नत असून शिवाजीनगर ते स्वारगेट या भागात तो जमिनीखालून जातो. पेठांतील रस्ते पायी चालणारी माणसे, पालख्या आणि बैलगाड्या यांच्या मापाने घडलेले आहेत. तेथे खांब उभारण्यास जागा नाही. शिवाय शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकांच्या परिसरात बांधकामावर कायद्याची बंधने आहेत. त्यामुळे बोगदा हाच व्यवहार्य पर्याय होता.

पुण्याच्या जमिनीखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. बोगदा खोदणाऱ्या यंत्राचे फिरते पाते हा खडक पुढून कापते आणि मागच्या बाजूस काँक्रीटचे तयार तुकडे जोडून बोगद्याची कडी पूर्ण केली जाते. पुण्यात वापरलेल्या यंत्रांना मुळा, मुठा व पवना या नद्यांची नावे देण्यात आली होती. जिल्हा न्यायालय स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. तेथून पुढे बोगदा मुठा नदीच्या पात्राखालून कसबा पेठेत येतो. बोगद्यांचे खोदकाम जून २०२२ मध्ये पूर्ण झाले.

बोगदा खोलवरून जात असल्याने वरच्या घरांना तो फारसा जाणवत नाही. स्थानकाचे तसे नसते. प्रवेशद्वारे, जिने, उद्वाहक आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा यांना जमिनीवर जागा लागतेच. म्हणूनच भूमिगत रेल्वेचा परिसराशी खरा संघर्ष बोगद्यापेक्षा स्थानकाच्या जागी होतो. कसबा पेठेत हेच घडले. स्थानकाच्या मूळ जागेमुळे अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागणार होती. रहिवाशांच्या विरोधानंतर ती जागा बदलण्यात आली आणि स्थानक फडके हौदाजवळ आले. नावाबाबतही असेच झाले. प्रारंभी ‘बुधवार पेठ’ म्हणून ओळखले जाणारे हे स्थानक आज ‘कसबा पेठ’ या नावाने ओळखले जाते. पुणेकराच्या लेखी पेठेचे नाव हा पत्त्याचा केवळ एक भाग नसून तो त्याच्या ओळखीचाही भाग आहे, हे यातून दिसते.

हौद आणि स्थानक :

फडके हौदाशेजारी स्थानक यावे हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. पुण्याला जमिनीखालची सार्वजनिक व्यवस्था नवी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालील नळाने शहरात पाणी आणण्यात आले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते आणि पेठांमधील हौदांत हे पाणी खेळवले जाई. नळ कोणाला दिसत नसे. लोकांना दिसे तो हौद. पाणी भरणे, भेटीगाठी, बातम्यांची देवाणघेवाण असा पेठेचा व्यवहार हौदाभोवती चाले. २०१९ मध्ये स्वारगेट स्थानकाच्या खोदकामात एक जुना भूमिगत जलमार्ग आढळला, तेव्हा या परंपरेचे पुणेकरांना पुन्हा स्मरण झाले.

मात्र हौद सर्वांना सारखाच खुला नव्हता. नळातून येणारे पाणी एकच असले तरी ते कोणी भरायचे हे हौदाच्या काठावर जातीने ठरत असे. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, या कृतीचे महत्त्व येथेच आहे. भूमिगत सुविधा कितीही उत्तम असली तरी ती सार्वजनिक आहे की नाही याचा निर्णय तिच्या तोंडाशी होतो. हाच निकष आजच्या स्थानकालाही लागू पडतो.

मंडई : इमारत आणि प्रश्न :

मंडई स्थानकाजवळची महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झाली. मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून निघालेल्या आठ बाजू अशी तिची रचना आहे. तत्पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील मोकळ्या जागेत भरत असे. नगरपालिकेचे सदस्य असताना फुले यांनी या खर्चिक इमारतीला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच वास्तूला फुले यांचे नाव देण्यात आले. मंडई उपयुक्त ठरली हे खरे. तथापि मोठा सार्वजनिक खर्च नेमका कोणासाठी, हा फुले यांचा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

आज घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आहे. मंडईतील विक्रेत्याचा माल पहाटे टेम्पोने येतो. तो मेट्रोने येणार नाही. विक्रेत्याला मेट्रोचा लाभ होईल तो ग्राहकाच्या वाटेने. वाहन लावायला जागा नाही म्हणून मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता टाळणारा उपनगरातील ग्राहक मेट्रोने पुन्हा येऊ शकतो. आप्पा बळवंत चौकात पुस्तके घ्यायला येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही दोन्ही स्थानके पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. २०२५ चा गणेशोत्सव हा ही स्थानके सुरू झाल्यानंतरचा पहिलाच उत्सव होता. विसर्जनाच्या रात्रीही गाड्या सुरू ठेवाव्या लागल्या, यावरून मध्यवस्तीला या सोयीची किती गरज होती हे स्पष्ट होते.

मात्र उत्सवाची गर्दी हा पुरेसा पुरावा नव्हे. सोमवारच्या दुपारी दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली वृद्ध स्त्री मंडईतून उद्वाहकापर्यंत विनासायास पोहोचते काय, हा खरा प्रश्न आहे. पदपथ दुचाकींनी व्यापलेला असेल, रस्ता ओलांडण्यास सुरक्षित जागा नसेल, तर बोगद्यात वाचलेली मिनिटे वर आल्यावर खर्ची पडतात. दुसरीकडे, पदपथ मोकळा करताना तेथे वर्षानुवर्षे बसणारी फुलवाली, भाजीवाली हटवली गेली, तर स्थानकाने परिसराची सेवा केली असे म्हणता येणार नाही. वाड्यांतील जुन्या भाडेकरूंचा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. सोय वाढली की जागेचे मोल वाढते आणि त्याचा ताण प्रथम भाडेकरूंवर येतो.

निष्कर्ष :

१) पेठांची रचना पाहता भूमिगत मार्ग अपरिहार्य होता, त्यामुळे जुनी वस्ती बऱ्याच अंशी अबाधित राहिली.
२) कसबा पेठ स्थानकाची बदललेली जागा हे रहिवाशांचे म्हणणे नियोजनात सामावून घेता येते याचे उदाहरण आहे.
३) स्थानकाचे यश प्रवासीसंख्येबरोबरच प्रवेशद्वारापासूनच्या अर्ध्या किलोमीटरच्या परिसरात कोणाची सोय झाली आणि कोणाची गैरसोय झाली, यावरही मोजले पाहिजे.

या मोजणीत महाविद्यालयांना मोठा वाटा उचलता येईल. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास या विभागांनी मिळून विद्यार्थ्यांकरवी या दोन स्थानकांच्या परिसराची दरवर्षी एकाच पद्धतीने पाहणी करावी. पदपथ, पथारीवाले, भाडेकरू आणि पायी चालण्यास लागणारा वेळ यांच्या नोंदी ठेवाव्यात. परिसर बदलून गेल्यावर त्याची आठवण सांगण्यापेक्षा तो बदलत असतानाच नोंदवणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे वाटते.