मोबाईलवरचा पोकर : डाव नक्की कोण ओळखतो?

“समोरचा काय खेळतोय ते मला कळतं,” असं मोबाईलवर पैसे लावणारी आपली मुलं सांगतात. ते किती खरं, हे आम्ही हिशोब मांडून पाहिलं.

कट्ट्यावर समोरच्याचा चेहरा दिसतो. मोबाईलवर दिसतं एवढंच : त्याने किती लावले आणि किती वेळ घेतला. दोघं आतून मिळालेले आहेत का, हेही कळत नाही.

समजा, डावात १०० रुपये आहेत. समोरच्याने ५० लावले. आपल्याकडे चार बदाम आहेत, शेवटचं पान बदाम आलं तरच जिंकू. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम ९, म्हणजे पाचात जेमतेम एकदा. पण २०० च्या डावासाठी ५० लावायचे, तर चारात एकदा तरी जिंकायला हवं. डाव सोडणंच शहाणपणाचं. मात्र हरलेला माणूस सोडत नाही. गेलेले पैसे काढायला बसतो. कंपनी आपला वाटा कापतेच.

सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, हा त्यातला एक. जागतिक आरोग्य संघटना या व्यसनाला आजार मानते. लपवलेलं कर्ज, खोटं बोलणं, उडालेली झोप ही त्याची खूण.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. म्हणून घाबरू नका. आईने विड्या वळून आणलेली मजुरी संपण्याआधी घरात सांगा. टेलि-मानसच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं. आणि घरच्यांनो, पोरगं बोलायला लागलं की आधी ऐकून घ्या.