तटबंदीवाचून अभय

माहूरच्या गडाला तट आहे, बुरूज आहेत. युद्धकाळी आसरा घ्यावयाचा तो अशा बळकट गडाचा, हीच पूर्वापार समजूत. परंतु १९७१ साली ढाका शहरातील एका हॉटेलाने तटावाचून व तोफेवाचून अनेकांना अभय दिले.

ढाका ही तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानची राजधानी होती. तेथील ‘इंटरकॉन्टिनेंटल’ हॉटेल १९६६ साली सुरू झाले. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने बंगाली जनतेवर शस्त्र चालविले. ते जगाला कळू नये, म्हणून परदेशी वार्ताहरांना याच हॉटेलात अडकवून ठेवण्यात आले. पुढे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि ३ डिसेंबरला भारत-पाकिस्तान युद्ध पेटले.

९ डिसेंबरला रेडक्रॉस संस्थेने हे हॉटेल तटस्थ क्षेत्र म्हणून जाहीर केले. १९४९ च्या जिनिव्हा करारात अशा क्षेत्राची तरतूद आहे. तिचे मर्म असे, की जो लढत नाही त्यालाच तेथे आसरा मिळावा, शस्त्र आत जाऊ नये आणि कोणत्याही पक्षाने त्या जागेवर मारा करू नये.

१४ डिसेंबरला भारतीय विमानांनी गव्हर्नरच्या निवासस्थानावर हल्ला केला. गव्हर्नर मलिक यांनी तेथेच राजीनामा लिहिला आणि हॉटेलाचा आश्रय घेतला. काल ज्यांची आज्ञा चालत होती, ते आज सत्ता सोडून रेडक्रॉसच्या ध्वजाखाली आले. मुलकी सत्ता अशी संपली. आता उरले होते केवळ सैन्य.

इकडे ११ डिसेंबरला पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या मराठा पलटणीचे छत्रीधारी सैनिक टांगाईलजवळ उतरले होते. १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम प्रवेश करण्याचा मान याच पलटणीला मिळाला. त्याच दिवशी, हॉटेलापासून जवळच असलेल्या रमणा रेसकोर्स मैदानावर जनरल नियाझी यांनी जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर शरणागतीच्या लेखावर सही केली. सुमारे ९३ हजार लोक युद्धकैदी झाले. बांगलादेश स्वतंत्र झाला.

गडाचा तट दगडांचा असतो. त्याला शत्रूच्या संमतीची गरज नसते. त्या हॉटेलाचे रक्षण मात्र केवळ एका वचनाने झाले. ते वचन शत्रूंनीही पाळावे लागते. भर युद्धातही दिलेला शब्द पाळला जातो, तेथेच माणुसकीला आसरा मिळतो.