चेंडूवरून नजर काढा!

टीव्हीवर टेनिस लागले की घरात काय होते? सगळ्यांच्या माना डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे. चेंडू जिकडे, नजर तिकडे. आम्हीही वर्षानुवर्षे असेच पाहत आलो. कोण जिंकले ते कळायचे. फटका मारला कसा, हे विचारले तर तोंड बंद!

अमेरिकेतल्या रिचर्ड विल्यम्स यांनी मात्र पाहण्यातूनही हा खेळ शिकून घेतला. 1942 साली लुइझियाना राज्यात जन्मलेले हे कृष्णवर्णीय गृहस्थ. आई दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारी. गोऱ्यांच्या क्लबांतल्या या खेळाशी त्यांचा संबंध नव्हता. एकदा टीव्हीवर रुमानियाच्या व्हर्जिनिया रुझिची हिला 40,000 डॉलरचा धनादेश घेताना त्यांनी पाहिले आणि आपल्या मुलींना टेनिसच शिकवायचे असे ठरवले, ही हकिगत ते स्वतःच सांगत. पैसा पाहून डोळे दिपणारे पुष्कळ असतात. हे पुस्तके आणि व्हिडिओ घेऊन बसले. पत्नी ओरेसीन यादेखील खेळ शिकल्या आणि मुलींना शिकवू लागल्या. आईची ही मेहनत बातम्यांत नेहमी मागे राहते, म्हणून मुद्दाम सांगतो.

व्हीनस आणि सेरेना या त्यांच्या मुली कॉम्प्टन गावातल्या सार्वजनिक कोर्टवर खेळत वाढल्या. 1999 साली 17 वर्षांच्या सेरेनाने अमेरिकन ओपन जिंकली. 1958 मध्ये अल्थिया गिब्सनने ती जिंकल्यानंतर असे यश मिळवणारी ती पहिलीच कृष्णवर्णीय स्त्री. पुढच्याच वर्षी व्हीनसने विम्बल्डन जिंकले.

मग पाहायचे कसे? आम्ही घरी एक युक्ती केली. टीव्हीच्या पडद्याचा वरचा अर्धा भाग वर्तमानपत्राने झाकला. आता फक्त अलीकडचा खेळाडू दिसणार. मुले आधी कुरकुरली. थोड्या वेळाने धाकटी म्हणाली, "अहो बाबा, हा दरवेळी छोटी उडी मारतोय!" तेच तर गमक! समोरचा फटका मारतो त्याच क्षणी खेळाडू जागच्या जागी हलकेच उडून दोन्ही पायांवर येतो. म्हणजे कोणत्याही बाजूला झेपावता येते. चेंडूमागे धावणाऱ्या आमच्या नजरेला ही उडी कधी दिसलीच नव्हती.

पायांनंतर खांदे पाहा. विल्यम्स भगिनी पुष्कळदा जाळीकडे तोंड करून, पाय फाकवून फटका मारत आल्या आहेत. जुनी शिकवण आडवे उभे राहण्याची. नुसते पाय पाहून नक्कल केली तर फटक्यात जोर येत नाही, कारण पाय मोकळे असले तरी त्यांचे खांदे पुरते वळलेले असतात. रॉजर फेडरर खेळत असे तेव्हाच्या सामन्यांत त्याचे डोके पाहा: चेंडू निघून गेला तरी नजर रॅकेट लागली त्याच जागी.

पण सगळेच उचलू नये. राफेल नदाल रॅकेट डोक्यावरून फिरवून नेत असे. नवशिक्याने ते करायला जाऊ नये. शिवाय पडद्यावर आपली चूक आपल्याला दिसत नाही. विल्यम्स कुटुंबही 1991 मध्ये फ्लोरिडाला गेले ते रिक मासी या प्रशिक्षकाकडे शिकवायलाच. तोवरची तयारी मात्र बरीचशी घरची होती.

कोर्ट नसले तरी एक गोष्ट अंगणात जमते. सर्व्हिस करताना खेळाडू चेंडू दरवेळी एकाच जागी कसा उडवतो ते आधी पाहून घ्या. मग जमिनीवर खडूने रेघ मारून तिच्या मागे उभे राहा आणि हात सरळ ठेवून चेंडू उडवा. मारू नका, पडू द्या. पुढच्या पायासमोर, रेघेच्या जरा पलीकडे पडला तर बरोबर. आमच्या धाकटीने पहिल्या दिवशी पन्नास वेळा उडवला. जागेवर पडले नऊ.